उचलीत गेलेला उद्या

‘गरीब म्हणून जन्माला आलात हा तुमचा दोष नाही, पण गरीब म्हणूनच मेलात तर तो नक्की तुमचाच दोष.’ कुठल्या तरी श्रीमंताच्या नावावर खपवलेले हे वाक्य दर काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर फिरते आणि त्याखाली टाळ्यांची रांग लागते. हाच विचार सरकारी भाषेत आला की त्याला ‘मानसिकता बदलणे’ म्हणतात. मग शिबिरे होतात, बचतीचे महत्त्व सांगणारे तक्ते लागतात आणि एखादा वक्ता मजुरांना मोठी स्वप्ने बघायला सांगून चहा पिऊन निघून जातो.

या सगळ्यामागे एक गृहीतक असते. गरीब माणूस उद्याचा विचार करत नाही, म्हणून तो गरीब राहतो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. गरिबाची निराशा हे बहुतेक वेळा बरोबर केलेल्या हिशेबाचे उत्तर असते. हिशेबातले आकडे जिथल्या तिथे ठेवून उत्तर तेवढे बदला म्हणण्यात काही अर्थ नाही.

हिशेब कसला, ते ऊसतोडीत उघड दिसते. बीड जिल्ह्यातून आणि मराठवाडा-नगरच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथे मजुराची मोजणी माणशी होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या जोडीला पावसाळ्याच्या सुमारास कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल मिळते, म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम. उचल हातात पडते तेव्हा बियाणे घ्यायचे असते, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, कुणाचे तरी दवाखान्याचे बिल थकलेले असते. दिवाळी उरकून टोळी निघते, तोवर रक्कम संपलेली असते.

आता जोडीने 1 लाख रुपये उचल घेतली असे धरू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 273 रुपयांवरून सुमारे 366 रुपये झाला. चांगली जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते. तोडायचा, पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची, हे सगळे त्यात आले. हंगाम 110 दिवस चालला तर 220 टन होतात आणि त्याचे 80,520 रुपये. म्हणजे एक दिवसही न चुकवता, आजारी न पडता, पावसाने उसाचा फड न भिजता काम केले तरी 19,480 रुपये अंगावर राहतात. फडावर असताना पीठ-मीठ, तेल, पोराचे औषध यासाठी मुकादमाकडून खर्ची घ्यावी लागते. आठवड्याला 2,000 रुपये धरले तरी सोळा आठवड्यांचे 32,000 होतात. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते, तेव्हा बाकी 51,480. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून बाई चार पैसे करते, तेवढीच काय ती हातातली रोकड. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते, त्यामुळे पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे.

गणितात दोन गोष्टी आणखी घाला. पहिली खाडा. एक दिवस काम चुकले तर त्या दिवसाची मजुरी जातेच, वर 500 ते 1,000 रुपये दंड बसतो. दुसरी, हंगामाची लांबी मजुराच्या हातात नाही. 2024-25 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि उसाची टंचाई असल्याने पुष्कळ कारखान्यांची धुराडी लवकर थंडावली. उचल मात्र जेवढी घेतली तेवढीच फेडायची. हंगाम आखूड झाला म्हणून उचल आखूड होत नाही.

या जोडीला बचत करा म्हणून सांगणाऱ्याने कशातून ते आधी सांगावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कशासाठी? दोन टनांऐवजी सव्वादोन टन तोडून जे जास्तीचे मिळेल ते बाकीत वळते होणार. कष्ट वाढवले तर हातात येणारी रक्कम वाढते, हा साधा अनुभव ज्याला कधी आलाच नाही, त्याने आशा धरावी तरी कशाच्या जोरावर?

गरिबीचा मेंदूवर काय परिणाम होतो याचा सर्वांत गाजलेला अभ्यासही योगायोगाने उसातलाच आहे. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशी दोनदा चाचणी घेतली गेली. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. माणूस तोच, शिक्षण तेच, गावही तेच. पण तोडणीआधी, पैशाची ओढाताण असताना, आकृत्यांची कोडी सोडवण्यात आणि लक्ष एकाग्र ठेवण्यात तो कमी पडत होता. पैसे हातात आल्यावर तोच माणूस सरस ठरला. निष्कर्ष असा की चणचण डोक्यातली जागा खाते.

या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. 2016 मध्ये अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर लोकांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा विचारशक्तीत असा फरक आढळला नाही. तेव्हा ‘गरिबीमुळे बुद्धी कमी होते’ असे सरसकट विधान करायला मी धजणार नाही. त्याची गरजही नाही. शिवाय हे वाक्य चुकीच्या हातात पडले की ‘बघा, गरिबांना कळतच नाही’ असे त्याचे रूप व्हायला वेळ लागत नाही.

मला जास्त पटणारा पुरावा ओडिशातला आहे. तिथे पत्रावळीसारखी ताटे तयार करणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी काहींना त्यांच्या झालेल्या कामाचे पैसे थोडे आधी दिले गेले. मजुरीचा दर तोच ठेवला आणि एकूण रक्कमही तीच, फक्त देण्याची वेळ बदलली. पैसे मिळाल्यावर त्यांचे उत्पादन वाढले, हातून होणाऱ्या चुका कमी झाल्या आणि जे जास्त गरीब होते त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. कुणी त्यांना प्रेरणादायी भाषण दिले नव्हते. दुकानदाराची उधारी चुकती झाली होती, एवढेच.

थांबण्याच्या सवयीबद्दलही असेच आहे. लहान मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील असे सांगायचे आणि थांबणारे मूल पुढे यशस्वी होते असा धडा काढायचा, ही कथा संयमावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो. त्याच्या पुढचा भाग क्वचितच ऐकायला मिळतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितले आणि आणले नाहीत. काहींना सांगितले तसे आणून दिले. मग गोडाची परीक्षा घेतली. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसवली गेलेली तीन मिनिटांत मोकळी झाली. त्यांच्यात संयम नव्हता असे कुणी म्हणेल का? समोरच्या माणसाचा अंदाज त्यांना बरोबर आला होता.

फडावर वाढलेल्या पोराला हा अंदाज फार लवकर येतो.

याच हिशेबाचे सर्वांत भीषण टोक म्हणजे गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया. 2019 मध्ये हा विषय गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बातम्या वाचून पुष्कळांनी ‘अडाणीपणा’ असा शेरा मारला. जरा जवळून पाहू. कोपीत, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी विहिरीवरून किंवा कालव्यावरून आणायचे. पाळीत अंग भरून आले, अंगावरून जास्त गेले तरी पहाटे चार-पाचला उठून फडात उभे राहायचे, डोक्यावर मोळी घेऊन शिडीवजा फळीवरून गाडीत चढायचे. नाहीतर खाडा, आणि तो जोडीच्या नावावर. सततच्या संसर्गाने त्रास वाढला की खासगी दवाखान्यात ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ ही भीती घातली जाते. तिशीतली, मुले झालेली बाई मग विचार करते की दरमहा चार दिवसांचा धोका कायमचा मिटतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा मुकादमाकडून घ्यायचा, म्हणजे उचल फुगणार. पुढे कंबरदुखी, हाडे ठिसूळ होणे, अवेळी म्हातारपण. यात अज्ञान आहेच, पण ते तिचे एकटीचे नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांतला तिने तातडीचा निवडला. खाडा नसता आणि फडाजवळ न्हाणीघर असते तर तिचा हिशेब वेगळा निघाला असता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. उचलीतले पैसे लग्नात उडतात, मोबाईलवर जातात, दारूत जातात, त्याचे काय? लग्नाच्या खर्चाचे मला फारसे नवल वाटत नाही. ज्याला बँक दारात उभे करत नाही त्याच्या अडीअडचणीला सोयरेच धावतात, आणि सोयऱ्यांत पत राखायला खर्च लागतो. मोबाईलवर मुकादमाचा निरोप येतो आणि गावाकडे ठेवलेल्या पोरांचा आवाज ऐकू येतो. दारूचा बचाव मात्र मला करायचा नाही. दारूने घरे बसली आहेत आणि त्याची किंमत बाईने मोजली आहे. पण दारू सोडवण्याचे शिबिर ज्या हंगामी व्यवस्थेला हात लावत नाही, तिथे जोडीची सगळी मजुरी नवऱ्याच्याच हाती पडते, कारण कोयता एक आणि हिशेबाच्या वहीत नाव त्याचे. अर्धी मोळी उचलणाऱ्या बाईच्या नावावर तिची अर्धी मजुरी जमा झाली, तर दारूचे पैसे आपोआप कमी होतील. हे नीतीच्या पाठांपेक्षा स्वस्तही आहे.

गरिबांना आशाच नसते, हेही खरे नाही. उलट एक आशा फार मोठी असते. त्याच तालुक्यांतली पोरे पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. पाच-सहा वर्षे जातात, वयाची मर्यादा संपत येते आणि गावी परतायची लाज वाटते. एका टोकाला फड, दुसऱ्या टोकाला लाल दिव्याची गाडी आणि मध्ये काही नाही. अर्थतज्ज्ञ देबराज रे यांनी याबद्दल नेमके लिहिले आहे. ध्येय अगदी जवळ असेल तर माणूस धडपडत नाही, आणि फार दूर असेल तरीही धडपड सोडतो. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतल्या संघटनांचे काम पाहून मांडले की आकांक्षा बाळगणे ही सरावाने येणारी क्षमता आहे. श्रीमंताच्या पोराला इच्छा आणि तिथवर जाण्याची वाट यांचा नकाशा घरातच मिळतो. गरिबाच्या पोराला इच्छा असते. आयटीआयचा फॉर्म कधी निघतो, नर्सिंगच्या प्रवेशाला कोणता दाखला लागतो, हे सांगणारे घरात कुणी नसते.

हा नकाशा मिळतो तो बहुधा पाहून. पश्चिम बंगालमध्ये 495 गावांत केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जिथे आरक्षणामुळे दोन वेळा बाई प्रधान, म्हणजे सरपंच, झाली, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आई-बापांच्या अपेक्षांमधली दरी 25 टक्क्यांनी कमी झाली, आणि खुद्द पोरापोरींमधली 32 टक्क्यांनी. कुणी पोरींना ‘मोठे स्वप्न बघा’ म्हटले नव्हते. गावच्या बैठकीत खुर्चीवर बसलेली बाई त्यांनी पाहिली होती.

आशेला आधी टेकू लागतो, हे बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमातून सर्वांत स्पष्ट दिसले. अगदी तळातल्या कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा छोट्या दुकानाचा माल द्यायचा. पहिले काही महिने खाण्यापुरते पैसे वेगळे द्यायचे, म्हणजे भूक लागली म्हणून शेळी विकावी लागत नाही. जनावर कसे पाळायचे ते शिकवायचे, बचतीची सोय करायची आणि दर आठवड्याला घरी जाऊन विचारपूस करायची. भारतासह सहा देशांत दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर याची तपासणी झाली आणि 2015 मध्ये निकाल आले. उत्पन्न वाढले, खाणे सुधारले, मनावरचा ताण हलका झाला. पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांत दहा वर्षांनंतरही फरक टिकून होता. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांचे निरीक्षण असे की दोन-चार शेळ्यांच्या मिळकतीतून जेवढी सुधारणा समजावता येते त्यापेक्षा ती जास्त होती; लोक जास्त तास काम करू लागले होते, आणि त्यांच्या मते यामागे उमेद होती.

सगळीकडे असे झाले नाही, हेही सांगायला हवे. होंडुरासमध्ये वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि कार्यक्रमाचा पायाच खचला. तेलंगणात मजुरीचे काम आधीच उपलब्ध होते, म्हणून जनावरांनी विशेष फरक पडला नाही. नुसती वस्तू वाटून उमेद येत नाही. आलेली उमेद एका साथीत जाऊही शकते.

महाराष्ट्राने हे कधीकाळी ओळखले होते. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्यातला जीव ‘हमी’त होता: मागाल तेव्हा काम मिळेल. काम मागायला आलेला माणूस याचक राहिला नाही, हक्कदार झाला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने ही हमी देशभर नेली आणि हजेरीपत्रक बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. उशीर झाला तर भरपाई ठरली, दिवसाला 0.05 टक्के. 2025-26 मध्ये महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता. सहा दिवसांचे 1,872 रुपये थकले तर रोजची भरपाई भरे 94 पैसे, महिनाभर थकले तर 28 रुपये. तीही मिळाली तर. पैसे महिना-दीड महिन्याने येणार हे एकदा कळले की मजूर कामाची मागणी करायलाच येत नाही, आणि कार्यालयात नोंद होते की या गावात कामाला मागणी नाही. उचल घेऊन ऊस तोडायला जाणे त्याला जास्त भरवशाचे वाटते. मुकादम निदान रोख मोजतो.

म्हणून मी ‘मानसिकता’ हा शब्द बाजूला ठेवून चार रूक्ष गोष्टींवर बोट ठेवीन. उचल किती, तिच्यावर काय आकारले, बाकी किती, हे कोऱ्या बाँडवर अंगठा न घेता लिहून द्यावे आणि त्याची प्रत जोडीकडे राहावी. वजनाची स्लिप मुकादमाच्या खिशात जाते. तिची नोंद रोजच्या रोज मजुराच्या मोबाईलवर जावी. वजनकाटा डिजिटल आहे, कारखान्याचा हिशेब संगणकावर आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण कसलीच नाही. आजारपणाचा, बाळंतपणाचा, पाळीचा खाडा रद्द व्हावा आणि मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत पंधरवड्याला जमा व्हावी.

रेशनचेही तसेच. शिधापत्रिका आता कुठेही चालते, पण दुकान फडापासून पाच-सहा किलोमीटरवर असते आणि अंगठा उमटवायला जाणे म्हणजे अर्धा दिवस बुडणे. टोळी कुठे उतरली आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागाला माहीत असते. आठवड्यातून एकदा धान्याची गाडी तिथे गेली तर खर्चीतला पिठाचा वाटा तरी वाचेल. पोरांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आखली गेली. जिथे पोर गावीच राहून शिकते, तिथे टोळीत एक जीव कमी जातो आणि कोपीत भाकरी थापणारी दहा वर्षांची मुलगी शाळेत असते. वसतिगृहाचे प्रवेश मात्र टोळ्या निघण्याआधी पूर्ण व्हायला हवेत. नोव्हेंबरच्या शेवटी यादी लागली तर पोर तोवर फडावर पोहोचलेले असते.

मजुरांच्या संघटना आणि साखर कारखान्यांचा साखर संघ यांच्यातला जानेवारी 2024 चा करार तीन वर्षांसाठी होता. त्यात दर वाढला आणि मुकादमांचे कमिशनही 19 वरून 20 टक्के झाले. बातम्यांत चर्चा झाली ती टक्क्यांची. करार 2023-24 च्या हंगामापासून धरला तर 2025-26 च्या हंगामाबरोबर त्याची मुदत संपते. पुढच्या वाटाघाटीला बसणाऱ्या संघटनांनी आणि साखर संघाने दराच्या आधी खाड्याचे आणि बाईच्या खात्याचे कलम टेबलावर घ्यावे. दर दहा टक्के कमी वाढला तरी चालेल, असे मी म्हणत नाही. पण 366 चे 450 झाले आणि खाडा, कोरा बाँड, फिरती बाकी तशीच राहिली, तर उचलही त्याच प्रमाणात फुगेल आणि पट्टा पडताना वहीतली बाकी जिथल्या तिथेच असेल.